माझ्या वाट्याला निरोप्या आला

भोरला आत्याच्या खोलीत राहून मी कॉलेज केलं. त्या दिवसांचं सगळ्यात आधी काय आठवत असेल तर झोप. सारखी झोप यायची. आत्या भाताच्या गिरणीत कामाला होती. कोंडा चाळायचा, कणी वेगळी करायची, पोती शिवायची. पहाटे उठून ती स्टोव्हला पंप मारायला लागली की त्या आवाजानं मी जागी व्हायचे आणि मग दिवसभर अर्धवट जागीच राहायचे. खोली एवढीशी. एका भिंतीला आमच्या दोघींच्या वळकट्या, दुसरीवर दोन फोटो आणि कोपऱ्यात कणीचं पिंप. गिरणीवाला कामाच्या बायांना तुटका तांदूळ द्यायचा, तो आम्ही बारा महिने खाल्ला. कणीचा भात, कणीची पेज, कणीची धिरडी. सोबत भाजलेली सुकट असली तर त्या दिवशी सण. आत्याच्या भुवयांत, लुगड्याच्या निऱ्यांत कोंड्याची भुकटी बसलेली असायची. ती शेजारी येऊन आडवी झाली की मला शिंकांवर शिंका यायच्या. मी कुरकुरले की म्हणायची, "मंग म्या काय गुलाबाचं फूल लावून येऊ व्हय गिरनीतनं?" आणि पाठ फिरवून घोरायला लागायची. आता मला झोप येत नाही. गोळी घेऊनही येत नाही. तेव्हाची ती सगळी झोप कुठं साठवून ठेवता आली असती तर बरं झालं असतं.

आमचे मराठीचे सर फार उत्साही होते. उत्साही माणसांचा मला तेव्हाही त्रास व्हायचा. त्या वर्षी त्यांनी एक ग्रीक शोकांतिका स्वतः मराठीत उतरवून काढली आणि तिच्या सायक्लोस्टाइल केलेल्या प्रती आम्हाला वाटल्या. पानांना शाईचा वास आणि अक्षरं अर्धी पुसट. नाटकाचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यातली नावं आमच्या कुणाच्याच जिभेवर बसली नाहीत. आम्ही आपलं राजा, राणी, थोरली राजकन्या, आंधळा ज्योतिषी असंच म्हणायचो. राजा हट्टी, कुणाचं ऐकत नाही. त्यानं मुलाला समुद्रापलीकडं लढाईवर धाडलेलं असतं आणि राणी वाड्याच्या पायरीवर वाट बघत असते. गंमत म्हणजे त्या नाटकात माणसं मरतात ती सगळी बाहेर, आपल्याला दिसत नाहीत. लोकांच्या डोळ्यांसमोर मरण दाखवायचं नाही असा त्या देशाचा रिवाज होता, असं सर म्हणाले. मग कुणीतरी यायचं आणि सांगायचं, तिकडं असं असं झालं. मला ते ऐकताना बरं वाटलं होतं. आपल्याकडच्यासारखंच आहे, असं काहीतरी मनात आलं आणि मी पुन्हा पेंगायला लागले.

दिवाळीच्या सुटीआधी सरांनी खडूच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला जे पात्र येईल त्याचा त्यानं सुटीत अभ्यास करायचा आणि सुटीनंतर वर्गासमोर उभं राहून त्या पात्राविषयी बोलायचं. डबा माझ्यापर्यंत आला तेव्हा तळाशी एकच चिठ्ठी होती. राणी एका डॉक्टरच्या मुलीला गेली होती, राजा कुणा पोराला. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, निरोप्या. निरोप्या दीड पानाचा. तो येतो. राणी त्याला समुद्र कसा होता विचारते, वारा कसा होता विचारते, बंदरातली जुनी गलबतं अजून आहेत का विचारते. मग तो तिला सांगतो की तुझा मुलगा गेला. त्यापुढं कंसात एकच शब्द, 'जातो'. बस्स. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला सोपं आहे. दुय्यम पात्र. खरं तर पात्रही नाही, नाटककाराची सोय आहे ती." तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी खाकरलं आणि त्याच्या शेजारचा फिसकन हसला.

ते कशाला हसले हे मला आजतागायत माहीत नाही. कदाचित सर खडूनं पांढऱ्या झालेल्या हातानं नाक खाजवत होते म्हणूनही हसले असतील. पण माझ्या कानशिलात गरम झालं. कारण वर्गात माझं आडनाव सगळ्यांना ठाऊक होतं, आडनावावरून वस्ती कळत होती आणि वस्तीवरून आमची माणसं पूर्वी काय काय करत होती ते कळत होतं. गावात कुणी मेलं की परगावच्या नातलगांना सांगावा न्यायचा, हे आमच्या घराकडं होतं. माझे वडील, आबा, सगळ्या मावळात ह्या कामाला ओळखीचे होते. मार्गासनीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथून वेल्ह्याकडं, खाली नदीकडं, पार भोंगवलीपर्यंत ते सांगावे घेऊन गेलेले. हातात काठी, खांद्यावर घोंगडं, पावसाळा असो नाहीतर उन्हाळा. मग आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि वस्तीनं बसून ठरवलं की मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि सांगावाही न्यायचा नाही. आबांनी त्याच दिवशी काठी टाकली. आईनं ती परसात वालाच्या वेलाला आधाराला रोवली आणि ती काठी पुढं कैक वर्षं वाल वाहत उभी होती. आबा दुसऱ्याच्या भातखाचरात राबायला लागले, पण म्हणायचे, हितं निदान कोन रडत तरी न्हाई. त्यांना आता एकच हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही माणसासारखं कुठल्याही गावातनं जाता यावं आणि आपल्याकडं बघून कुणाच्या काळजात धस्स होऊ नये. आणि इथं मला, त्यांच्या मुलीला, खडूच्या डब्यातनं निरोप्या निघाला होता.

सुटीला मी घरी आले. भाताच्या काढण्या चालू होत्या. खळ्यावर पेंढ्या आपटल्याचा धप धप आवाज दिवसभर यायचा, हवेत कापलेल्या भाताचा गोडसर वास, आणि आईच्या हाताला विळ्याचे ओरखडे. तिनं माझ्यासाठी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं केलं होतं. कणीला वैतागलेल्या माझ्या तोंडाला ते अमृत लागलं. जेवता जेवता मी आबांना विचारलं, "आबा, सांगावा न्यायचा म्हंजी नेमकं काय करायचा तुमी?"

आबा ताटातनं वर बघेनात. म्हणाले, "कॉलेजात ह्ये शिकवाया लागली व्हय?"

"नाटकात तसा माणूस हाय एक. त्याच्यावर बोलायचंय मला."

"त्याच्यावर काय बोलायचं? यायचं, सांगायचं आन जायाचं. दुसरं काई इचार की."

आईनं मला डोळ्यांनी गप केलं. मी चिडले. मला वाटलं, एवढं वर्गासमोर उभं राहायचंय आणि घरचा माणूस एक शब्द सांगेना.

दोन दिवसांनी मला वेल्ह्याच्या कचेरीतनं शिष्यवृत्तीसाठी दाखला आणायचा होता आणि त्याला वडील बरोबर लागत होते. आबांनी त्यासाठी धुतलेला सदरा काढला. आत्यानं भोरहून पाठवलेला, निळीत बुडवलेला, एकदाही न घातलेला. आरसा आमच्याकडं नव्हता, तर आबा पाण्याच्या बादलीत बघून टोपी सारखी करत होते. आई म्हणाली, "नवरदेव झालाय जनू." तर हे लाजले. आज त्यांना कॉलेजातल्या मुलीचा बाप म्हणून वेल्ह्यात जायचं होतं. फाट्यावर येईपर्यंत एसटी गेली होती. पुढची दुपारनंतर, आणि तोवर कचेरीतला साहेब उठून जायचा. मग चालायचं ठरलं. आबा म्हणाले, "वरनं जाऊ, डोंगराच्या आंगानं." वरची वाट म्हणजे चढ, करवंदीच्या जाळ्या आणि दुप्पट वेळ. खालची सरळ, पण ती एका गावाच्या मधून जाते. माझ्या नव्या चपला आधीच चावत होत्या. मी म्हटलं, "सरळ वाट असताना वरनं कशाला? आपुन काय चोरी केलीया?" आबांनी वरच्या वाटेकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "चल बाई, तुझं खरं."

त्या गावात आमच्या गावची एक लेक दिलेली होती, शेवंता. मराठ्यांच्या घरातली, माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिची आई, तानूआक्का, आमच्या गावात एकटी राहायची आणि उन्हाळ्यापासनं तिचं दुखणं चाललं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही गावात शिरलो तेव्हा शेवंता खळ्याच्या कडेला सुपानं भात वारवत होती. आबांनी तिला पाहिलं आणि मान खाली घालून पाय उचलले. त्यांना वाटलं असेल, निघून जाऊ. पण तिनंही पाहिलं. सूप हातात तसंच वर राहिलं आणि भात सगळा पायांवर सांडला. मग तिनं जी किंकाळी फोडली ती ऐकून पलीकडच्या खळ्यावरची माणसं पेंढ्या टाकून पळत आली.

"आई गं! माझी आई गेली गं!"

आबा थांबले. "आगं न्हाई शेवंताबाय. कुनी न्हाई गेलं. बरी हाय तुझी आई. काल वालाच्या शेंगा सोलीत बसल्याली म्या बगितली."

इथं मला वाचणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं वेड्यासारखं वाटेल. सांगावा नेणारा माणूस कधीही सरळ 'मेलं' म्हणत नसे. तो म्हणायचा, जरा बरं न्हाई, बिगी चला. लेक लांबची असेल, वाटेत कोसळायची भीती असेल, तर म्हणायचा, काय न्हाई, बरी हाय, सहज बोलावलंय. घरातल्यांना कळायचं ते शब्दांवरनं नाही, कोण सांगतोय त्यावरनं. त्यामुळं आबा जितक्या वेळा 'बरी हाय' म्हणत होते तितकी शेवंता जास्त ऊर बडवत होती. तिचा नवरा घामेजलेला पुढं आला आणि म्हणाला, "आरं धोंडीबा, सांगून टाक की सरळ. कवा गेली म्हातारी?"

"मालक, खरंच न्हाई. म्या दाखल्याला चाललोय येल्ह्याला. ही माझी लेक. कॉलेजात हाय."

मीही पुढं झाले. शुद्ध भाषेत म्हटलं, "अहो, खरंच काही झालेलं नाही. माझ्या शिष्यवृत्तीचं काम आहे." शेवंतानं माझ्याकडं बघितलं, आणि तिचा उरलासुरला धीर सुटला. "पोरगी संगं आनलीया! वाटंत मला धराया पोरगी आनलीया गं!" म्हणून तिनं जमिनीवर अंग टाकलं. म्हाताऱ्या बायांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. एकीनं तर माझ्या गालावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "चांगलं केलंस गं बाई, संगं आलीस." आबांचा धुतलेला सदरा कुणाला दिसलाच नाही. मला हसू आलं असतं, पण मी आबांचं तोंड बघितलं. रागाचं नव्हतं ते. दिवसभर खाचरात वाकून उभं राहिलेल्या माणसाचं असतं तसं थकलेलं होतं.

"चला," आबा म्हणाले. "दावतो."

मी त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली. "आबा, कचेरी बंद व्हईल. आन आपुन ह्ये काम सोडलंय ना?"

"म्या सोडलंय," आबा म्हणाले, "त्यांनी कुठं सोडलंय?"

आणि ते माघारी वळले. शेवंताचा नवरा खळ्यावरचं भात झाकून मागनं येणार होता. शेवंता पुढं, केस सुटलेले, पायात काही नाही, मागं आबा, त्यांच्या मागं लंगडत मी. रस्त्यात दुतर्फा कापलेली खाचरं, तोरण्यावर ढगाचा एक तुकडा. अर्ध्या वाटेवर शेवंताचं रडणं ओसरलं आणि ती आबांना विचारायला लागली. तांबडी गाय व्याली का? पाटलाच्या बांधावरचा आंबा हाय का तोडला? देवळाम्होरचा हौद भरला का? आबा एकेकाचं उत्तर देत होते. व्याली, कालवड झाली. हाय, आंबा हाय. भरलाय. आईचं सोडून जगातलं सगळं ती विचारत होती आणि ते सगळं सांगत होते. मला सायक्लोस्टाइलचं ते पान आठवलं. समुद्र कसा होता, वारा कसा होता. सर म्हणाले होते, ह्यानं उत्कंठा वाढते. मी मागून चालत होते आणि उत्कंठा कुणाची वाढत होती मला समजेना. ती बाई चार पावलं आणखी आई असलेली लेक राहू बघत होती, इतकंच मला दिसत होतं.

तानूआक्का अंगणातच होती. खरोखरच वालाच्या शेंगा सोलत होती, मांडीवर टोपलं घेऊन. तिनं मान वर केली. दारात लेक, अवेळी, सुगीच्या दिवसांत, केस सुटलेले, रडून डोळे सुजलेले, आणि लेकीच्या मागं धोंडीबा. म्हातारीच्या मांडीवरचं टोपलं उपडं झालं. तिनं दोन्ही हातांनी कपाळ बडवलं. "माझा जावई गेला गं! पोरीचं कुकू गेलं गं!"

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. शेवंता आई जिती आहे म्हणून रडत होती, आई जावई गेला म्हणून रडत होती. शेजारच्या बाया काहीही माहीत नसताना धावत आल्या आणि रडायलाच लागल्या. माणूस कुणीही मेलेलं नव्हतं. आबा अंगणाबाहेरच्या दगडावर बसले, टोपी काढून तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "बस जरा. दमल्या म्हंजी दोघी बी गप व्हतील." मी बसले. चपला काढल्या. टाचांचं सालटं निघालं होतं. आज नातवंडांना हे सांगते तेव्हा इथं ती पोट धरून हसतात. त्यांनी हसावं म्हणूनच मी ते तसं सांगते. पण त्या दगडावर आम्ही दोघं बसलो होतो तेव्हा आम्हाला हसू आलं नव्हतं.

उलगडा व्हायला बराच वेळ गेला. मग तानूआक्का डोळे पुसत बाहेर आली, हातात भाकरी, भाकरीवर खर्डा. सांगावा आणणाऱ्याला भाकरी द्यायची रीत होती आणि म्हातारी रीतीनं आली होती. आबा उठले. "न्हाई आक्का. ही भाकर आमी सोडली आता. आन सांगावा बी न्हवता."

"मंग कशाची घे म्हनू?" ती म्हणाली. खरंच तिला कळत नव्हतं.

"पानी दे वाईच. चालून आलोय."

म्हातारी घुटमळली. मग आत जाऊन तांब्या घेऊन आली. आबांनी न सांगता ओंजळ धरली आणि तिनं वरनं पाणी ओतलं. मला संताप आला. मला वाटलं, तांब्या हिसकून घ्यावा, नाहीतर लाथाडावा. आबा पीत राहिले. तांब्या संपेपर्यंत प्याले, मग ओल्या हातांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "गोड हाय गं तुझ्या हिरीचं पानी. इतक्या वर्सांत प्यालो न्हवतो."

घरी जाताना वस्तीकडच्या उतारावर मी विचारलं, आणि ह्या वेळी त्यांनी सांगितलं. सांगाव्याच्या घरी पाणी घ्यायचं नाही अशी त्यांची त्यांनीच घातलेली आण होती. आधी मागावं तर पोटात ती बातमी ठेवून त्या घरचं पाणी प्यायचं, ते फसवल्यासारखं वाटायचं. आणि नंतर द्यायला कोण शुद्धीवर असतं? "सांगून झालं की मंग?" मी विचारलं.

"मंग काय. माघारी यायचं. वाटंत वढा लागला की थितं प्यायचं. घरात सगळी रडत्यात, मानूस आला व्हता का गेला, कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय? ध्यानात ऱ्हातं त्ये तोंड." थोडं चालून ते म्हणाले, "बाजारात मीठ आनाया गेलो तरी बाया तोंडाला पदर लावत्यात गं. त्याचा लई कटाळा आला बग मला."

दाखला मला पुढं मिळाला. त्यासाठी किती खेटे झाले ती गोष्ट कंटाळवाणी आहे. त्या खेट्यांना आबा वरच्या वाटेनं जायचे, डोंगराच्या अंगानं, आणि मी मुकाट्यानं मागं जायचे. तो निळीतला सदरा त्यांनी पुन्हा घातला नाही. घडी करून आईच्या ट्रंकेत ठेवला.

सुटी संपल्यावर वर्गात एकेक जण बोलला. डॉक्टरची मुलगी राणीविषयी सुरेख बोलली, शेवटी टाळ्या पडल्या. माझी पाळी आली तेव्हा तास संपायला थोडाच वेळ होता. मी टेबलाशी उभी राहिले. मी रात्ररात्र जागून, म्हणजे अर्धवट झोपून, पुष्कळ लिहून आणलं होतं. निरोप्याची भाषा, निरोप्याची वाक्यरचना, सरांना आवडेल असं. पण मागच्या बाकाकडं लक्ष गेलं आणि मी ते कागद मिटले.

मी म्हणाले, "राणी त्याला समुद्र कसा आहे विचारते ते उत्कंठा वाढावी म्हणून नाही. त्याला बघितल्या बघितल्या तिला कळलेलं आहे. तिला अजून थोडा वेळ हवाय. आणि निरोप्या तिला तो वेळ देतो. घाई करत नाही, विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर देतो. म्हणजे तो सोय नाही, माणूस आहे. तो इतक्या लांबून आलाय, आणि अख्ख्या नाटकात त्याला कुणी बस म्हणत नाही, पाणी विचारत नाही. सांगून झालं की पुढं कंसात 'जातो' लिहिलंय. तो कुठं जातो? त्याला घर असेल. उद्या तो त्याच रस्त्यानं स्वतःच्या मुलीला घेऊन निघाला, तर राणीच्या वाड्यातली माणसं त्याला बघून काय करतील?" एवढं बोलून मी थांबले. 

सरांनी हातातल्या प्रतीत ते पान काढून बघितलं. मग मनापासून म्हणाले, "चांगला विचार आहे. पण हे संहितेत कुठं आहे?"

"नाही सर," मी म्हटलं. "संहितेत नाही."

"मग संहितेबाहेर जाऊन चालणार नाही," असं ते म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. घंटा झाली. मागच्या बाकावरचं कुणी हसलं नाही की खाकरलं नाही. मी खोलीवर आले, कणीचा थंड भात खाल्ला आणि कोंड्याच्या वासात झोपून गेले.

मी मास्तरीण झाले. घाटाखालच्या एका शाळेत पुष्कळ वर्षं शिकवलं. आत्या गेली, आई गेली. आबा गावातच राहिले, यायला तयार नव्हते. आता कुणी गेलं की मोबाईलवर हात जोडलेलं चित्र येतं, आणि आपणही हात जोडलेलं चित्र पाठवतो. कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. आबांच्या वेळी तसं नव्हतं. शाळेत एकच फोन होता, हेडमास्तरांच्या टेबलावर. मी सातवीच्या वर्गावर होते, फळ्याकडं तोंड करून काही लिहीत होते. पोरांची कुजबुज एकदम थांबली म्हणून वळून पाहिलं. दारात आमचा शिपाई उभा होता. म्हातारा, दोन जिने चढून धापा टाकणारा, हातात टोपी. तो आत येत नव्हता. चौकटीला टेकून माझ्याकडं न बघता उभा होता, आणि त्याच्या उभं राहण्याकडं बघून मला सगळं कळलं.

"बाई," तो म्हणाला, "जरा भाईर येता का? काय न्हाई, सहज बोलावलंय."

मी खडू ठेवला. हात पुसले. माझी खुर्ची उचलून दाराशी नेली, टेबलावरचा माझा तांब्या घेतला, पेला भरला आणि त्याच्या हातात दिला.

"बसा, मामा," मी म्हटलं. "आधी पाणी प्या. मग सांगा."